बुध मोकळा

रविवारी आमच्या घरात इस्त्री तापत नाही. मशीनला कपडे लावायचे नाहीत, गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर जायचं नाही, बँकेचं ॲप उघडायचं नाही, आणि ‘एवढं कपाट आवरून टाकते’ हे वाक्य तर तोंडातूनसुद्धा काढायचं नाही. कायदा माझाच. मोडणारीही बहुतेक वेळा मीच. म्हणून लेकीने त्याला दंड जोडून दिला, जो मोडेल त्याने सगळ्यांना जिलबी खिलवायची. गेल्या वर्षभरात मी सहा वेळा जिलबी खिलवली आहे. (‘खिलवायची काय, खाऊ घालायची म्हण,’ असं पुण्याची नणंद दर वेळी सुधारते. इंदूरच्या मराठीत जिलबी खिलवतातच. चार-पाच पिढ्या इथे गेल्या, एवढी हिंदी अंगाला लागणारच.)

तीन वर्षांपूर्वीचा आमचा रविवार सांगते. संध्याकाळचे सात वाजलेत. पलंगावर कपड्यांचा ढीग, त्यातून मी एकेक ओढून इस्त्री करतेय. शाळेचे युनिफॉर्म, नवऱ्याचे शर्ट, माझे कुर्ते. ओट्यावर मटकी चाळणीत निथळतेय. मशीनची दुसरी खेप फिरतेय. सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या राहिल्यात. तेवढ्यात शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो की उद्या मुलांनी चार्ट पेपर आणि फेव्हिकॉल आणायचं आहे. लेक तेव्हा दहा वर्षांची. ती दारात उभी राहून म्हणाली, “आई, तू सगळ्यात जास्त रविवारीच ओरडतेस. सोमवारी बरी असतेस.”

मी म्हटलं, “सोमवारी मी घरात असते कुठे?”

म्हटलं आणि गप्प झाले. तिचं म्हणणंही तेच होतं.

आम्ही राहतो राजेंद्र नगरात, माझं ऑफिस विजय नगरला. इंदूर ज्यांना माहीत आहे त्यांना हे दोन शब्द पुरतील. बाकीच्यांसाठी सांगायचं तर शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाणं आणि येणं. सकाळी सव्वानऊला निघालेली मी सातच्या पुढे घरी टेकते. मग स्वयंपाक. म्हणजे घरातलं जे काही ‘नंतर करू’ असतं ते सगळं सरकत सरकत शनिवार-रविवारच्या अंगावर येऊन पडायचं. पाच दिवस ऑफिसची नोकरी आणि दोन दिवस घराची, एवढाच फरक. दुसऱ्या नोकरीत चहासुद्धा आपणच करायचा.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. व्हिडिओ पाहिले. त्यातल्या बायका रविवारी सकाळी हसत हसत भाज्या चिरतात, आलं-लसणाची पेस्ट करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरतात, तीन प्रकारची वाटणं करतात, काचेचे डबे एकावर एक रचतात आणि शेवटी फ्रिजचं दार उघडून दाखवतात. मी उत्साहाने चौदा डबे आणले. पहिल्या रविवारी सकाळी नऊला ओट्याशी उभी राहिले ती दुपारी अडीचला बाजूला झाले. पाय असे भरून आले होते की जेवतानाही बसवेना. मे महिना. मंगळवारी दुपारी चार तास लाइट गेली. बुधवारी संध्याकाळी डबा उघडला तर कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला आंबूस वास, आणि चिरलेल्या दुधीला पाणी सुटलेलं. चौदांपैकी पाच डबे गेले ओल्या कचऱ्यात. सकाळी गाडीवाल्याने बादली पाहून विचारलं, “दीदी, कोई प्रोग्राम था क्या?”

वाटण गेल्याचं दुःख होतंच. पण खरी चूक मला नंतर कळली. आठवडा हलका व्हावा म्हणून मी रविवार त्याच्या पुढ्यात बळी ठेवत होते. हा हिशेब उलटा आहे. सहा दिवसांचं ओझं सातव्याच्या डोक्यावर ठेवायचं आणि वर त्यालाच म्हणायचं, हो बाबा आता आरामाचा दिवस. त्या व्हिडिओंबद्दल तेव्हापासून माझं मत वाईट आहे, आणि ते बदलेल असं वाटत नाही.

आपल्याकडे ‘वेळ काढणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात, हे त्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं. एखाद्यासाठी मुद्दाम वेळ काढणं आणि कसाबसा वेळ काढणं. शब्द तोच. सवड मात्र नेहमी काढावीच लागते. खोल विहिरीतून पोहरा काढावा तशी. ती आपोआप मिळत नाही. मिळते ती उसंत, आणि तीही मिळाली तर श्वासभर. आमच्या इंदूरकडे तिसरा शब्द आहे, फुरसत. फुरसत काढतही नाहीत आणि मिळवतही नाहीत, ती असते किंवा नसते. ‘फुरसतीत ये’ असं इथे म्हणतात. आम्ही नंदानगरात राहत असताना ती बाबांकडे असायची, हे मला अगदी स्पष्ट आठवतं. तीही गिरणीत तीन पाळ्यांची नोकरी करणाऱ्या माणसाकडे.

नंदानगर ही गिरणी कामगारांची वस्ती. इंदूर आज सफाईसाठी, खाण्यासाठी आणि कोचिंग क्लाससाठी ओळखलं जातं, पण आमच्या लहानपणी ते कापडगिरण्यांचं शहर होतं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी ही नावं आम्ही शाळेतल्या पाढ्यांसारखी म्हणायचो. पाळी बदलली की भोंगे व्हायचे आणि गल्लीतल्या बायका त्यावर कुकर चढवायच्या. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघायच्या, त्या अजून निघतात; गिरण्या बंद पडल्या, झाँक्या राहिल्या. बाबा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. कोण कधी आला, कोणाची पाळी कोणती, कोणाचा खाडा, हे सगळं मोठाल्या रजिस्टरात उतरवणं हे त्यांचं काम. हाताची लेखणी पातळ निबेची आणि अक्षर सुबक.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पाटी टांगलेली असायची. खरी, दगडी, लाकडी चौकटीची. चौकटीचा एक कोपरा निखळला होता, तो बाबांनी तांब्याच्या तारेने बांधला होता. त्या पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने सहा आडव्या रेघा. दर शनिवारी रात्री जेवण झालं की बाबा पाटी ओल्या फडक्याने पुसायचे आणि रविवारी रात्री झोपण्याआधी पुन्हा लिहायचे. त्यात काय असायचं ते आजही जसंच्या तसं सांगू शकते. सोम: दळण. मंगळ: सायकल, मागची ट्यूब. गुरु: रॉकेल, कार्ड घेऊन जाणे. शुक्र: ताईच्या वह्यांना कव्हर. शनि: न्हावी, बाराच्या आत.

मी तिसरीत असेन. वार नुकते पाठ झाले होते, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं आणि चूक काढली. “बाबा, बुध लिहायचा राहिला.”

“राहिला नाही,” बाबा म्हणाले, “लिहिलाय बघ.”

मंगळच्या खालच्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: बुध मोकळा.

“का?”

“आठवड्यात काहीतरी मोडतंच. त्याला जागा नको?”

मी म्हटलं, आणि रविवार? तर बाबा हसले. रविवारची रेघच पाटीवर नव्हती. पाटीला वार सहाच होते.

हे सगळं तेव्हा कळलं असं मी मुळीच म्हणणार नाही. तेव्हा एवढंच दिसायचं की बुधवारी कधी आजीला ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात नेलं जायचं, कधी नळाचा वायसर बदलला जायचा, आणि कधी काहीच मोडलेलं नसलं की बाबा संध्याकाळी मला सायकलच्या दांड्यावर बसवून राजवाड्यापर्यंत फिरवून आणायचे. रविवारी ते अंगणातल्या खाटेवर पालथे पडून पेपर वाचायचे. मधूनच झोपायचे. पेपर वाऱ्याने उडायचा, तो आम्ही धावत जाऊन आणायचो. आई शेजारच्या काकूंबरोबर उन्हात बसून नुसती बोलायची. हातात निवडायला काहीही नाही. आता विचार केला की मला या दृश्यातली ही गोष्ट सगळ्यात नवलाची वाटते. हातात सूप नसलेली आई.

रविवारच्या छुट्टीविषयी बाबांना फार अभिमान होता. “ही कुणी फुकट दिलेली नाही,” असं म्हणायचे. युनियनच्या लोकांकडून त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव ऐकलेलं होतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतला हा माणूस, ‘दीनबंधु’चा संपादक. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी म्हणून नव्हती. ती द्या, ही मागणी लोखंड्यांनी १८८४ मध्ये लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवारच का, तर खंडोबाचा वार म्हणून, असंही त्या गोष्टीत सांगतात. हे ऐकताना आईचा चेहरा खुलायचा, कारण खंडोबा आमचाही आणि होळकरांचाही कुलदैवत. म्हणजे इंदूरच्या राजाचा आणि आमच्या दोन खोल्यांच्या घराचा देव एक, आणि छुट्टी त्याच्या नावाची. पुढे १९४८ चा कारखाना कायदा आला, त्यात आठवड्याला ४८ तास काम आणि एक दिवस सुट्टी लिहूनच टाकली. माझ्या मोबाइलवर रविवारी सकाळी ‘जस्ट वन स्मॉल थिंग’ असा मेसेज पाठवणाऱ्या साहेबांना हा इतिहास एकदा सांगावा असं फार वाटतं. अजून धीर झालेला नाही.

मग गिरणी बंद झाली. मी तेव्हा नववीत होते. एक दिवस भोंगा झालाच नाही, एवढंच आठवतं. गल्लीतल्या बायका दारात येऊन एकमेकींकडे बघत होत्या. आज उघडेल, उद्या उघडेल असं करत महिने गेले. बाबांना आता रोजच रविवार होता. त्यांनी पाटी पुसली ती पुसलेलीच राहिली. खाट अंगणात होती, पेपर होता, पण ते पालथे पडत नव्हते. उठून बसायचे, आत यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बाहेर. दुपारी झोपलेले मी त्यांना त्या वर्षात पाहिलेलं नाही. एवढी सगळी फुरसत आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दहा-अकरा महिन्यांनी सियागंजमधल्या दोन किराणा व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचं काम त्यांना मिळालं. पगार गिरणीच्या निम्म्याहून कमी. त्या रविवारी रात्री त्यांनी पाटी खाली काढली, चौकटीवरची धूळ बनियनने पुसली आणि पहिली रेघ ओढली. आई आत जाऊन रडली. आम्हाला वाटलं पगार कमी म्हणून.

त्या पाटीला घर सोडून जायचं नव्हतं बहुतेक, कारण भावाने घर बांधलं तेव्हा ती सामानात कुठे गेली कोणालाच माहीत नाही. वाटणाचा तो पराक्रम झाल्यावर मी तिच्यासारखी दुसरी शोधली. मारोठिया बाजारात दोन दुकानदारांनी मला पांढरा बोर्ड आणि मार्कर दाखवला. तिसऱ्याने माळ्यावरून एक दगडी पाटी काढून दिली आणि पैसे घेताना विचारलं, “बच्चा कौन सी क्लास में है?”

पाटी लावली आणि पहिला धडा असा मिळाला की आपल्या आठवड्याचे अर्धे वार आपण ठरवतच नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून, जलूदहून चढवून आणतात. १९७० साली लोकांनी त्यासाठी आंदोलन केलं आणि १९७८ मध्ये ती शहरात आली. म्हणून आम्ही नळाला ‘नर्मदा’ म्हणतो. ‘नर्मदा आली का?’ असं विचारतो. तर ही नर्मदा आमच्याकडे एक दिवस आड येते. कपडे कधी धुवायचे हे तिने ठरवायचं. भाजी कधी घ्यायची हे हाटाने ठरवायचं, आमच्या जवळ तो शुक्रवारी भरतो. प्रेसवाला भैया मंगळवारी दुकान लावत नाही, हनुमानाला जातो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद. कचऱ्याची गाडी मात्र रोज सकाळी, गाणं वाजवत. कचरा सहा प्रकारचा वेगळा करून तिच्यात टाकायचा आणि त्यात तिळमात्र चूक खपत नाही. २०१७ पासून सलग कित्येक वर्षं सफाईत देशात पहिला नंबर काढलेल्या शहरात राहण्याचे कष्ट इथल्या गृहिणीला विचारा. अभिमानही विचारा, तो खराच आहे.

तेव्हा मी आधी न हलणारे दगड पाटीवर ठेवले आणि मग मधल्या फटींत आमची कामं बसवली. इस्त्री मी सोडूनच दिली. सोमवारी सकाळी गठ्ठा प्रेसला जातो, बुधवारी येतो. कपड्यामागे जे पैसे जातात त्यातून मला माझी रविवारची संध्याकाळ परत मिळते, आणि इतकी स्वस्त वस्तू मी दुसरी घेतलेली नाही. सोमवारी रात्री आमच्याकडे खिचडीच होते, कढी आणि पापड. आठवड्यातल्या एका रात्री ‘आज काय करू’ हा प्रश्न पडत नाही, याचं सुख ज्याने रोज रात्री तो प्रश्न सोसलाय त्यालाच कळेल. वाटण आता मंगळवारी आणि शुक्रवारी, वाटीभरच. भाजी शुक्रवारी येते तीच निवडून ठेवायची. कोथिंबीर मी टीव्हीसमोर बसून निवडते आणि सासूबाई लसूण सोलतात. एका दिवशी एकच मोठं काम लिहायचं. दोन लिहिली की दुसरं हमखास रविवारकडे घरंगळतं. शनिवारी बाराच्या आत बाहेरची कामं, सियागंजचं सामान, बँक, सायकलची दुरुस्ती. बारा वाजले की बाबांच्या भाषेत भोंगा झाला.

नवऱ्याबद्दल लिहिणं भाग आहे, तो हे वाचणार आहे. तो कामचुकार मुळीच नाही. त्याचं एक वाक्य होतं, “तू सांग ना, मी करतो.” सांगितलं की खरंच करायचा. पण काय करायचं आहे हे डोक्यात ठेवणं, ते कोणत्या दिवशी व्हायला हवं हे ओळखणं, मग चेहऱ्यावर त्रासिक भाव न आणता सांगणं आणि नंतर झालं का ते विचारणं, हेच तर काम होतं. बाकी गॅसचा नंबर लावायला किती वेळ लागतो? पाटी लागली आणि हे वाक्य घरातून हळूहळू गेलं. एका सकाळी मी पाहिलं तर हा तोंडात ब्रश धरून पाटीसमोर उभा. वाचलं, आत गेला, चूळ भरली आणि सासूबाईंच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात घातली. मी काही बोलले नाही. पाटीवर मी कोणाचं नाव घालत नाही, फक्त वार आणि काम. बाबाही घालत नसत. ज्याला दिसेल त्याचं ते.

एवढं सगळं करून पहिले दोन महिने रविवार काही हाती लागेना. शनिवारी रात्रीपर्यंत काहीतरी तुंबलेलंच असायचं. असं का होतंय ते मला सांगितलं बाबांनी. ते आता ऐंशीचे आहेत, भावाकडे असतात. आमच्याकडे आले तेव्हा पाटी पाहून आधी काही बोललेच नाहीत. चष्मा लावला, जवळ गेले, चौकटीवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता शाबासकी. म्हणाले,

“बुधवारी मोडलं तर काय करशील?”

माझ्या पाटीवर बुधवारी चार कामं लिहिलेली होती. मधला वार, ऑफिसात कामही थोडं कमी, म्हणून बरंच काही मी तिथे कोंबलं होतं. तिसरीतलं ते संभाषण मला शब्दशः आठवत होतं, मी ते लोकांना कौतुकाने सांगतही होते, आणि करताना नेमकं तेवढंच गाळलं होतं. बाबांनी ओल्या बोटाने चारही कामं पुसली. बोटाचा राखाडी डाग धोतराला लागला.

मोकळा वार ठेवणं फार जड जातं, हे कबूल करते. बुधवारी संध्याकाळी काही मोडलेलं नसलं की हात शिवशिवतात, शुक्रवारचं काम आज उरकून टाकू असं वाटतं. पण आठवड्यात खरंच काहीतरी मोडतं. लेकीला ताप येतो, नर्मदेची पाइपलाइन फुटते, मावशी दोन दिवस येत नाहीत, गावाहून कोणी अचानक टपकतं. पूर्वी ही मोडतोड थेट रविवारी येऊन थडकायची. आता ती मध्येच अडते. वार मोजले तर रवि, सोम, मंगळ इकडे आणि गुरु, शुक्र, शनि तिकडे. बुध बरोबर मधोमध. कालनिर्णयात रविवार सगळ्यात वरच्या ओळीत असतो, म्हणून हे दिसतं. माझ्या मोबाइलच्या कॅलेंडरने आठवडा सोमवारपासून मांडला आणि रविवार नेऊन शेपटाला टाकला. शेपटाला टाकलेल्या वस्तूच्या वाट्याला उरलंसुरलंच येणार.

आता पाहुण्यांचं. इंदूरच्या मराठी माणसाच्या रविवारवर ऑक्टोबर २०२२ पासून एक नवंच संकट आहे. उज्जैनला महाकाल मंदिराभोवती ‘महाकाल लोक’ नावाचा नवा परिसर झाला. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर, आणि ओंकारेश्वर, महेश्वरही एका दिवसात होणारं. त्यामुळे पुणे, नाशिक, नागपूरचे जे नातेवाईक गेली वीस वर्षं लग्नपत्रिकेपुरते होते त्यांना आमची आठवण येऊ लागली. फोन असा येतो, “वहिनी, शनिवार-रविवार रिकाम्या आहात ना? जास्त काही करू नका, फक्त दोन रात्री.” नाही कसं म्हणणार? माणसं आपली असतात, येतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहून मलाच इंदूरकर असल्याचा गर्व होतो. पण सलग चौथा रविवार असा गेला तेव्हा मी फोनवर म्हटलं, “रिकामी नाहीये हो. मोकळी आहे.” पलीकडे क्षणभर शांतता. मराठीत रिकामा न्हावीसुद्धा भिंतीला तुंबड्या लावतो. रिकामं काही दिसलं की कोणीतरी भरायला धावतंच. मोकळ्याला सहसा हात लावत नाहीत, मोकळं अंगण, मोकळे केस. शब्दाचा उपयोग झाला की नाही माहीत नाही, पण ते पुढच्या महिन्यात आले. आता महिन्यातला एक शनिवार-रविवार पाहुण्यांचा, असं आम्ही उघडच सांगतो. २०२८ च्या उज्जैनच्या सिंहस्थात हे कितपत टिकेल हा विचार मी सध्या करत नाही.

पहिला खराखुरा मोकळा रविवार आला त्या दिवसाची गंमत सांगते. सकाळी उठले, चहा घेतला, पेपर वाचला. साडेनऊ वाजले. पाटी पुसलेली. घरातलं कोणी काही मागत नाही. मला कसंतरीच व्हायला लागलं. चोरी करून घरात लपून बसल्यासारखं. मी वर पाहिलं आणि पंख्याची पाती काळी दिसली. अकरा वाजता लेक उठून बाहेर आली तेव्हा मी स्टुलावर उभी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात साबणाचं फडकं. त्या दिवशी पहिली जिलबी झाली.

आराम करायला यावा लागतो, असं मला त्या स्टुलावर वाटलं. मला तो येत नव्हता. सासूबाईंना येतो. त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि समोरच्या कडुनिंबावर काय चाललंय ते बघतात. तास तास. मी शेजारी बसले तर पाच मिनिटांत माझा हात फोनकडे जातो. हल्ली वीस मिनिटांपर्यंत मजल गेली आहे. काय बघता हो आई, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, “खारूताईने पिल्लं तिकडून इकडे आणली.” मी ते झाड अठरा वर्षं बघते आहे. खारूताईने पिल्लं तोंडात धरून घर बदललेलं कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी आम्ही पोहे घरी करत नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवर जातो. इंदूरचे पोहे परतून झाले की तिथेच संपत नाहीत. खाली उकळत्या पाण्याचं भगोनं, त्यावर पोह्यांची परात, त्यामुळे शेवटच्या गिऱ्हाइकालाही ते मऊ आणि गरमच मिळतात. भैया डावाने कडेचे पोहे आत ओढतो, कागदाच्या बशीत डोंगर करतो, वर बारीक शेव, कच्चा कांदा, डाळिंबाचे दाणे, लिंबू, आणि मग चिमटीने जीरावन मसाला असा फेकतो की बशीभर सारखा पडतो. शेजारच्या कढईत जिलबी. तिथे उभं राहून खायचं. घाई कोणालाच नसते. गेल्या थंडीत तिथे एक आजोबा रोज एक बशी अर्धी अर्धी करून खात होते, अर्धी आठला, अर्धी नऊला. मधला तास नुसते उभे. पुण्याची नणंद म्हणाली, यांना काम नाही का? मला वाटलं, यांचा बुधवार चांगला गेला असणार.

दुपारी झोप. महिन्याकाठी इथल्या सानंद या मराठी संस्थेचं नाटक असतं, ते शनिवारी असलं की आणखी बरं, कारण रविवारी त्याच्यावर भांडता येतं. संध्याकाळी कधी राजवाड्याकडे, कधी कुठेच नाही. सात वाजता, ज्या वेळेला पूर्वी मी इस्त्री घेऊन ओरडत असे, आम्ही पत्ते खेळतो. लेक आता तेरा वर्षांची आहे आणि लबाडी करते.

हे दर आठवड्याला जमतं असं नाही. मार्च महिन्यात ऑफिसचं वर्षअखेर असतं तेव्हा पाटी नुसती लटकते. जुलैत सासूबाई पडल्या, पायाला प्लास्टर लागलं, तेव्हा दोन महिने सगळे वार एकसारखे होते आणि मी रविवारी कपडे धुतले, भांडी घासली, कोणी जिलबी मागितली नाही.

पाटी पुसायची ती शनिवारी रात्रीच. हे मात्र मी सोडलेलं नाही. झालेलं आणि न झालेलं, सगळं एकाच फडक्याने. न झालेलं रविवारी रात्री पुन्हा लिहायचं, पण मधला एक दिवस ते पाटीवर दिसता कामा नये. बाथरूममधला गीझर बिघडल्याला आज तीन आठवडे झाले. ‘गुरु: गीझर, मिस्त्री’ असं मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मिस्त्री हो म्हणतो आणि येत नाही. काल रात्री पुसताना नवरा म्हणाला, “एवढं राहू दे ना, उद्या फोन करून बघू.” लेक लगेच म्हणाली, “जिलबी.”

आज सकाळी आम्ही अंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं.